चष्म्याच्या घरांतली मोटारसायकल

मोटारसायकल दुरुस्त करायची हौस जावयाला कधीच नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर ऐकणाऱ्याला उगाच वाटतं, बघा, जुन्या वस्तूंवर कसा जीव आहे माणसाचा. जीव बिव काही नाही. त्याला स्वतःच्या घरात बसायला जागा उरली नव्हती, एवढंच.

घर दोन खोल्यांचं आणि मागे एक पत्र्याची शेड. जावई चष्म्याच्या दुकानात कामाला होता. दिवसभर लोकांच्या फ्रेमला काचा बसवायच्या, कुणाचा स्क्रू आवळायचा, कुणाची काडी वाकवायची, आणि 'नाकावर टोचतंय' म्हणणाऱ्या प्रत्येकाला हसून तोंड द्यायचं. संध्याकाळी घरी आल्यावर त्याची मागणी फार नसायची. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी एक खुर्ची होती. तिच्यात पाय पसरून बसावं आणि कुणी काही विचारू नये. आता त्या खुर्चीत सासरे बसत होते.

सासऱ्यांना तो मामा म्हणायचा. मामा एरवी मुलाकडे राहायचे. मुलाच्या घरी फरशी बदलायचं निघालं, धूळ सोसणार नाही म्हणून मुलाने त्यांना आपल्या बहिणीकडे, म्हणजे इथे, आणून सोडलं, 'चार दिवसांसाठी'. फरशी झाली तर रंग निघाला, रंग झाला तर नळ निघाले. फोनवर मेहुणा दर वेळी म्हणायचा, झालंच भाऊजी, आता काही राहिलं नाही. आणि दर वेळी काहीतरी राहायचंच. चार दिवसांचं गणित जावयाने केव्हाच सोडून दिलं होतं.

मामांचा त्रास होता म्हणावं, तर काय होता ते सांगता यायचं नाही, आणि हाच सगळ्यात मोठा त्रास. पानात पडेल ते जेवायचे. नावं ठेवायची नाहीत, मागायचं नाही, आजारी पडायचं नाही. बिचाऱ्या जावयाला तक्रार करायलासुद्धा जागा ठेवली नव्हती. मामा नुसते बघायचे. याने किल्ली कुठे टाकली, छत्री कुठे टेकवली, पेपर कसा चुरगाळला, सगळं त्या खुर्चीतून बघायचे. जावयाला वाटायचं, आपण राहत्या घरात पाहुणे आलोय आणि यजमान खुर्चीत बसलेत.

मामांचा जन्म एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेला होता. जाळीची खिडकी, खिडकीला हात जाईल एवढं भोक, आणि आत मामा. कारखान्याला लागणारा प्रत्येक नट, बोल्ट, वॉशर त्या भोकातून बाहेर यायचा, आणि तोही चिठ्ठी दिल्यावर. चिठ्ठीवर मालाचं नाव, माप, किती नग, आणि खाली घेणाऱ्याची सही. सही नाही तर माल नाही. एकदा म्हणे खुद्द मोठे साहेब खिडकीशी आले आणि साधा एक स्क्रू मागितला, तर मामांनी त्यांनाही चिठ्ठी मागितली. तेव्हापासून कारखान्यात त्यांचं नावच 'चिठ्ठी' पडलं. हा किस्सा मामांनी आल्या आल्या जावयाला रंगवून सांगितला होता. जावई हसला नाही. त्याचं लक्ष खुर्चीकडे होतं. मग मामांनी दुसरा किस्सा सांगितलाच नाही.

स्वयंपाकघरात, भांड्यांच्या आवाजाआड, जावयाने बायकोपाशी विषय काढला. दादाला विचार ना, नळ झाले का म्हणून. बायको बालवाडीत शिकवायची, त्यामुळे तिला उत्तर न देता काम चालू ठेवायची चांगली सवय होती. बऱ्याच वेळाने ती एवढंच म्हणाली की तिकडे दादा-वहिनी दोघंही सकाळी बाहेर पडतात ते दिवे लागल्यावर येतात, आणि बाबा वरच्या मजल्यावर दिवसभर एकटे असतात. जावई म्हणाला, अगं, आरामात असतात, कशाला हात लावावा लागत नाही. यावर तिने कढई जरा जोरातच आपटली. जावयाला ते चांगलंच ऐकू आलं, पण त्याने कानाडोळा केला.

तर अशी सगळी परिस्थिती असताना दुकानाच्या मालकांना एक दिवस औदार्य सुचलं. दुकानाच्या मागच्या भिंतीला त्यांची जुनी मोटारसायकल वर्षानुवर्षं टेकून उभी होती. सीटमधून गवत आलं होतं. मालक म्हणाले, घेऊन जा तुला, तुझ्यासारख्या बारीक काम करणाऱ्या माणसाच्या हाती पडली तर सोनं होईल. म्हणजे भंगारवाल्याला हाक मारायचा त्यांना कंटाळा आला होता. एरवी जावयाने हात जोडले असते. पण त्याच्या डोळ्यांपुढे मागची शेड आली. शेडमध्ये काम करणाऱ्या माणसाला कुणी खुर्चीतून बघत नाही. त्याने ते धूड ढकलत घरी आणलं. चाकं धड फिरत नव्हती. मागचं तर ओढतच आणावं लागलं. घामाने निथळत तो दारात उभा राहिला आणि बायकोला म्हणाला, दुरुस्त करणार आहे.

"तुम्ही?" बायको म्हणाली.

त्या एका 'तुम्ही'त बरंच काही होतं. घरातला मिक्सर होता, गजराचं घड्याळ होतं, इस्त्री होती. तिन्ही वस्तू जावयाने हौसेने खोलल्या होत्या आणि तिन्ही आजतागायत खोललेल्याच होत्या.

कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला विचारायला गेला, तर मिस्त्रीने स्टुलावरून न उठता सल्ला दिला. पहिली गोष्ट, किक मारायची नाही. गाडी वर्षानुवर्षं बंद असली की पिस्टन आत धरून बसतो. उत्साहाने किक मारली तर जे धड आहे तेही मोडतं. प्लग काढायचा, भोकातून तेल सोडायचं आणि विसरून जायचं. रोज एकदा गिअर टाकून मागचं चाक हलकेच हाताने फिरवून बघायचं. फिरलं तर फिरलं, नाही तर उद्या. दुसरी गोष्ट, बाकीचं खोलायला घ्यायचं, पण जसं निघेल तसं ओळीने मांडायचं. हे सांगताना मात्र मिस्त्रीने बोट उगारलं. उलटं वाचत गेलं की गाडी जोडून होते, म्हणाला. ओळ मोडली की संपलं.

जावयाने प्लग काढून तेल सोडलं आणि ओळ मांडली. शेडच्या जमिनीवर पेपर अंथरले. आधी सीट, मग टाकी, मग बाजूची झाकणं, मग कार्ब्युरेटर, मग पुढचं मडगार्ड, मग पुढचं चाक. जो नट निघेल तो पेपरवर ठेवायचा, भोवती पेनाने गोल काढायचा आणि शेजारी लिहायचं: 'टाकीच्या मागचा, डावा.' 'ब्रेकच्या कांडीचा, याच्यावर वॉशर.' पेपरांची ओळ शेडच्या दारापासून मागच्या भिंतीपर्यंत गेली आणि तिथून वळून परत आली. जावयाला मोटारसायकलीतलं काही कळत नव्हतं, पण ओळ बघून त्याचा ऊर भरून यायचा. आयुष्यात पहिल्यांदाच आपण एखादी गोष्ट रीतसर खोललीय, असं त्याला वाटायला लागलं. तेवढ्यात मेहुण्याचाही फोन आला. नळ झाले. पुढच्या रविवारी बाबांना न्यायला येतो. त्या दिवशी जावई दुकानात इतका खुशीत होता की 'नाकावर टोचतंय' म्हणणाऱ्या बाईंचं त्याने सगळं म्हणणं ऐकून घेतलं.

संध्याकाळी घरी आला तर खिडकीपाशी खुर्ची रिकामी. आधी त्याला आनंद झाला. मग शेडमधून शीळ ऐकू आली.

शेडची जमीन झाडून लख्ख झाली होती. एक पेपर नव्हता, एक नट नव्हता. मागच्या भिंतीपुढे एक टेबल आडवं लावलं होतं आणि टेबलावर चष्म्याची घरं मांडली होती. ही घरं जावयानेच दुकानातून आणलेली, बिजागरी सैल झालेली, कधीतरी उपयोगी पडतील म्हणून पोतंभर आणून शेडमध्ये टाकलेली. काळी, सगळी एकसारखी, झाकण लावलेली, रांगेत. आणि टेबलाच्या पलीकडे बाह्या सरसावून, रॉकेलने हात काळे करून मामा उभे होते.

त्यांनी एक झाकण उघडलं. आत सगळे नट. धुतलेले, पुसलेले, तेलाचा हात फिरवलेले, आणि सगळे एका मापाचे. दुसरं उघडलं. आत सगळे वॉशर, लहानापासून मोठ्यापर्यंत. तिसऱ्यात स्क्रू, चौथ्यात बोल्ट. मामा दिवसभर खपले होते. म्हणाले, काय तो पसारा करून ठेवला होता जावईबापू, जमिनीवर, पेपरवर, पाय ठेवायला जागा नाही. पेपरांचं काय केलं म्हणून जावयाने अगदी बारीक आवाजात विचारलं. रद्दीवाला आला होता, मामा म्हणाले.

आता स्वतःचा बाप असता तर आवाज तरी चढवता आला असता. सासऱ्यावर आवाज चढवायची सोय नसते. जावई वळला, स्वयंपाकघरात गेला आणि दात आवळून बायकोला म्हणाला की तिच्या बाबांनी त्याच्या मोटारसायकलीचा खून केलाय. ती तर दुपारपासून घरात होती. तिला दिसत नव्हतं? तिने थांबवलं का नाही?

"बाबा शीळ घालत होते," बायको म्हणाली. "मी दारापर्यंत गेले आणि परत आले."

जावयाने कपाळाला हात लावला. रविवार पुढे होता, ही एकच गोष्ट चांगली होती. मामा गेले की सावकाश बघू, म्हणून त्याने राग गिळला आणि दुसऱ्या संध्याकाळी, आता निदान पुढचं चाक तरी परत लावून टाकावं, म्हणजे हे धूड बाजूला तरी सरकवता येईल, अशा विचाराने शेडमध्ये गेला. मामा टेबलापलीकडे होतेच. जावयाने सरळ एका घराकडे हात नेला. मामांनी त्याच्यावर तळहात ठेवला.

"चिठ्ठी?" मामा म्हणाले.

जावयाला वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती. मामांनी कागदाचे चौकोनी तुकडे कापून दोऱ्याला अडकवून ठेवले होते, शेजारी पेन बांधलं होतं. जावयाने मुकाट्याने लिहिलं: 'पुढच्या चाकाचा नट, एक.' मामांनी वाचलं आणि चिठ्ठी परत केली. माप नव्हतं. माप मला काय माहीत, जावई म्हणाला. मग बोल्ट दाखवा, मामा म्हणाले. बोल्ट मामांपाशीच होता. तो मिळायला वेगळी चिठ्ठी लागणार होती.

एवढ्यावर दुसरा कुणी असता तर पान्हा आपटून निघून गेला असता. जावईही निघालाच होता. पण का कोण जाणे, तो थांबला, आणि बोल्टाची चिठ्ठी लिहिली. मामांनी बोल्ट हातात घेतला, डोळे मिटले आणि अंगठ्याच्या नखाने आटे चाचपले. मग एका घरातून नट काढला, बोल्टावर फिरवला. तो गेला, लोण्यासारखा गेला. जावई मनातून प्रभावित व्हायला लागला होता. तेवढ्यात मामा म्हणाले, आता हा चाकाचाच आहे की टाकीचा, ते तुमचं तुम्ही बघा, तसले पाच आहेत. म्हणजे कुठल्या नटात कुठला बोल्ट जातो ते मामांनी डोळे मिटूनही सांगितलं असतं, पण ती जोडी गाडीत कुठे जाते याचा त्यांना गंधही नव्हता. चिठ्ठीपलीकडे माल कुठे जातो ते बघायचं काम स्टोअरचं नसतं.

अशी त्यांची गाडी सुरू झाली. म्हणजे मोटारसायकल नव्हे, ती होती तिथेच होती. संध्याकाळी जावई दुकानातून यायचा, चहा उभ्यानेच प्यायचा आणि शेडमध्ये. एक नट लावायचा, तो चुकीचा निघायचा, तो परत जमा करायचा, जमा केल्याची चिठ्ठी लिहायची, दुसरा मागायचा. मामा खेकसायचे. माप कुठाय, सही कुठाय, ही काय सही आहे, हा तर किडा चाललाय. खुर्चीत महिनोन् महिने मुका बसलेला माणूस इतकं बोलतो, हे जावयाला माहीत नव्हतं. मधल्या वेळात साहेबांचे किस्से यायचे, आणि आता जावई हसायचा, कारण खिडकीच्या अलीकडे उभं राहिल्यावर साहेबांचं दुःख त्याला कळायला लागलं होतं.

टाकी आतून गंजली होती. मिस्त्रीने सांगितलं होतं की मूठभर बारीक खडी आणि साबणाचं पाणी घालून हलवायची. एकट्याने ती हलेना. मग एका बाजूने सासरा आणि दुसऱ्या बाजूने जावई, असे दोघे अंगणात टाकी धरून पाळण्यासारखी हलवत उभे राहिले. आतून खडी खडखडायची आणि तांबडं पाणी भळाभळा बाहेर यायचं. शेजारच्या बाई कुंपणावरून विचारायला लागल्या की काय चाललंय. मामा म्हणाले, अंघोळ. त्या बाई आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत.

मग घोडं अडलं ते कार्ब्युरेटरच्या एका पितळी स्क्रूवर. जावयाने रीतसर चिठ्ठी लिहिली, माप लिहिलं, सही वाचता येईल अशी केली. मामांनी घर उघडलं, आत बघितलं, झाकण लावलं आणि शिल्लक नाही म्हणून सांगितलं. जावयाला तो स्क्रू धडधडीत दिसला होता. दिसतोय की मामा, तो काय. मामा म्हणाले, तो शेवटचा आहे, आणि शेवटचा नग स्टोअर देत नाही. उद्या कुणाचं मशीन बंद पडलं तर काय द्यायचं?

जावयाने त्यांना समजावून सांगितलं की मोटारसायकलीत प्रत्येक गोष्ट एकच असते. एक टाकी, एक कार्ब्युरेटर, एक पिस्टन. या हिशोबाने तर सगळेच शेवटचे. मामांना हे पटलं. ते खरोखरच विचारात पडले. बऱ्याच वेळाने त्यांनी तोड काढली: शेवटचा नग द्यायचा तर साहेबांची मंजुरी लागते. इथे साहेब कोण, जावयाने विचारलं. मामांनी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. तेव्हा जावई चिठ्ठी घेऊन आत गेला, बायकोने पदराला हात पुसून तिच्यावर 'मंजूर' लिहिलं आणि ओट्याला टेकून पोट धरधरून हसली. किती दिवसांनी ती अशी हसली होती. त्यानंतर रोजच मंजुऱ्या लागायला लागल्या, कारण सगळंच शेवटचं होतं.

आणि शुक्रवारी चाक फिरलं. जावयाने नेहमीसारखा गिअर टाकला आणि मागचं चाक दोन्ही हातांनी, देवाचं नाव घेऊन, हलकेच ओढलं. आत काहीतरी सुटल्यासारखं झालं, प्लगच्या भोकातून 'फुस्स' करून तेलाचा बुडबुडा आला आणि चाक एवढंसं सरकलं. जावई चाक धरून तसाच बसून राहिला. मामा टेबलापलीकडून बाहेर आले, वाकले, त्यांनीही चाकाला हात लावून बघितलं. सुटला, म्हणाले. दोघांचे चेहरे बघून कुणालाही वाटलं असतं की यांनी रेल्वे इंजिन बनवलंय. प्रत्यक्षात गाडीला सीट नव्हती, टाकी नव्हती, पुढचं चाक तिसऱ्यांदा चुकीचं लागलं होतं.

त्याच संध्याकाळी हात धुताना जावयाला आठवलं की रविवार परवावर आलाय. आणि त्याच्या लक्षात आलं की आपल्याला बरं वाटत नाहीये. मोठं विचित्र वाटलं त्याला. ज्या दिवसाकडे डोळे लावून बसलो तो दिवस आला आणि नकोसा वाटायला लागला. त्याने बायकोला आडून विचारलं, बाबा आणखी थोडे दिवस राहिले तर? ती भांडी पुसत होती. तिने त्याच्याकडे वळून बघितलं.

"मी नाही म्हणणार त्यांना राहा म्हणून," ती म्हणाली. "इतके दिवस तुमचं तोंड बघून त्यांनी सगळं ओळखलंय. म्हणायचं तर तुम्हीच म्हणा."

आता हे म्हणायचं कसं? माणसाला 'राहा' म्हणणं, दोन अक्षरं, पण जावयाच्या घशातून ती निघेनात. शनिवारी त्याने दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा तोंडातून वॉशर निघाला. मामांनी चिठ्ठी मागितली. रात्री मामांची पिशवी भरून दाराशी ठेवलेली दिसली. मामांनी ती स्वतःच भरली होती, आणि कुणी काही बोलायच्या आधीच भरली होती.

रविवारी मेहुणा आला. माणूस वाईट नव्हता, हेही सांगायला हवं. येताना बहिणीसाठी फळं घेऊन आला. तो चहा घेईपर्यंत मामा शेडमध्ये होते. प्रवासाचा स्वच्छ शर्ट घालून टेबलापाशी उभे होते आणि एकेक घर फडक्याने पुसत होते. शेडचं दार उघडंच होतं. जावई मेहुण्याला अंगणात घेऊन आला आणि ऐनवेळी जे सुचलं ते बोलून गेला. मामांना आत्ता नेता यायचं नाही. गाडी पूर्ण खोललेली आहे, सगळे भाग त्या डब्यांत आहेत, आणि कशात काय आहे ते मामांशिवाय कुणाला माहीत नाही. गाडी जोडून होईपर्यंत त्यांना राहू दे.

मेहुण्याने टेबलाकडे बघितलं, त्या काळ्या एकसारख्या रांगेकडे बघितलं, आणि हसायलाच लागला.

"भाऊजी, तुम्हीपण फसलात," तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं. कारखान्यात बाबांना हलवायचा दर नव्या साहेबाने प्रयत्न केला होता. चिठ्ठ्यांना सगळे वैतागलेले. पण बदलीचा कागद निघाला की आठवड्याच्या आत रद्द व्हायचा. कारण बाबांनी त्या स्टोअरमधल्या एकाही खणावर कधी लेबल लावलं नाही. मशीन बंद पडायचं, माणसं खणाखणांत डोकी घालत बसायची, वॉशर मिळायचा नाही, आणि शेवटी बाबांना आणायला साहेबांची गाडी जायची. नोकरी टिकवली ती अशी. मेहुणा हे मोठ्या कौतुकाने सांगत होता. आमच्याकडे आले तेव्हा तेच केलं, म्हणाला. औषधं, किल्ल्या, बिलं, सगळं कपाट लावून ठेवलं, आणि चमचा हवा तरी त्यांना हाक मारायची पाळी आली. आमच्या हिने एका दुपारी बसून सगळ्या डब्यांना लेबलं चिकटवली. सुटलो एकदाचे. तेव्हापासून एकदम शांत आहेत, काही म्हणजे काही करत नाहीत.

एवढं सांगून त्याने खिशातून पेन काढलं. तासाभराचं काम आहे, म्हणाला. तुम्ही झाकणं उघडा, मी लिहीत जातो, आणि दुपारच्या आत बाबांना घेऊन निघतो.

जावई त्या पेनाकडे बघत राहिला. खरं सांगायचं तर लेबलांची गरज राहिलीच नव्हती. इतक्या चिठ्ठ्या लिहून कुठल्या घरात काय आहे ते त्याला केव्हाच पाठ झालं होतं; झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. हे त्याला त्या क्षणी कळलं, आणि आपण ते कुणालाही सांगणार नाही हेही कळलं. त्याला मामांचा राग यायला हवा होता. पेपर, ती ओळ, तो रद्दीवाला, सगळं ठरवून केलेलं. पण राग आला तो त्या 'एकदम शांत'चा. स्वतःचाही आला. त्याने मेहुण्याच्या हातातून पेन घेतलं आणि जरा थांबा म्हणून एकटाच शेडमध्ये गेला.

मामांनी वर बघितलं नाही. अंगण काही फार मोठं नव्हतं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांचं पुसणं थांबलं होतं आणि फडकं हातात तसंच होतं.

"जावईबापू," ते म्हणाले, "लिहून घ्या. मी सांगतो कशात काय आहे ते."

आणि त्यांनी स्वतःहून पहिलं झाकण उघडलं. जावयाकडे ढकललं. आयुष्यभर या माणसाने जी एक गोष्ट कुणाला दिली नव्हती, ती आज चिठ्ठी न मागता टेबलावर ठेवली होती. इतके दिवस न निघालेली दोन अक्षरं आत्तासुद्धा निघेनात.

त्याने पेनाला टोपण लावलं आणि खिशात ठेवून दिलं.

"नको मामा," तो म्हणाला. "माझं अक्षर फार वाईट आहे."

मामांनी त्याच्याकडे एकदा नीट बघितलं. मग त्यांनी झाकण लावलं आणि ते घर रांगेत परत ठेवलं.

"ते मात्र खरं," ते म्हणाले. "तुमच्या चिठ्ठ्या मी कशा वाचतो ते माझं मला माहीत."

मग त्यांनी प्रवासाच्या शर्टाच्या बाह्या दुमडायला घेतल्या. जावई बाहेर आला आणि मेहुण्याला म्हणाला, चला, तुम्हाला तुमच्या गाडीपर्यंत सोडतो.